वर्णद्वेष आणि राज्यकर्ते : अमेरिकेच्या अनुभवाचा आढावा

समाजाच्या हाडीमाशी खिळलेला वर्णद्वेष राज्यकर्त्यांच्या इच्छेने वाढतो किंवा ओसरतो काय, की राज्यकर्ते हे त्या द्वेषाचे केवळ वाहक असतात आणि लोकमत पालटल्यावाचून त्यांच्या हाती काहीच नसते, हा प्रश्न अनेक दुभंगलेल्या देशांपुढे आजवर उभा राहिला आहे. परंतु ज्या देशात त्याचा ऊहापोह दीर्घकाळ, विपुल कागदपत्रांच्या आधारे आणि पुष्कळ रक्त सांडून झाला, असा देश म्हणून प्रथम आठवतात ती अमेरिकेची संयुक्त संस्थाने. तेथे १८६५ पासून आजतागायत सत्तेवर आलेल्या राष्ट्राध्यक्षांची, गव्हर्नरांची आणि नगराध्यक्षांची वर्तणूक दप्तरांत नोंदलेली असल्यामुळे, कोणी काय केले आणि त्यानंतर काय घडले, हे बऱ्याच खात्रीने पडताळून पाहता येते.

१९०६ साली येल विद्यापीठातील समाजशास्त्रज्ञ विल्यम ग्रॅहॅम समनर याचा ‘फोकवेज’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. लोकरूढी या कायद्याहून प्राचीन आणि बलवत्तर असून विधिमंडळांच्या ठरावांनी त्या बदलता येत नाहीत, हे त्यातील प्रतिपादन पुढे अर्धशतकभर, ज्यांना या बाबतीत काहीच करावयाचे नव्हते त्यांना शास्त्राधारासारखे उपयोगी पडले. त्याला भारदस्त उत्तर मिळाले ते १९५५ साली, दक्षिणेतच जन्मलेल्या सी. व्हॅन वुडवर्ड या इतिहासकाराकडून. काळ्यांसाठी आगगाडीत निराळा डबा, निराळे प्रतीक्षालय, निराळा पाण्याचा नळ ही व्यवस्था अनादी काळापासून चालत आलेली नसून, गुलामगिरी संपल्यानंतर कित्येक वर्षांनी, मुख्यतः एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, दक्षिणेतील विधिमंडळांनी एकामागून एक कायदे मंजूर करून ती पक्की केली, असे त्याने दाखवून दिले. कायदे होण्यापूर्वीच अनेक ठिकाणी व्यवहारात विभक्तता रुळलेली होती, अशी दुरुस्ती पुढील संशोधकांनी सुचविली आणि ती रास्तही आहे. तथापि ज्या रूढीचा हवाला देऊन राज्यकर्ते स्वस्थ बसत, ती रूढी मोठ्या अंशी राज्यकर्त्यांच्याच शिक्कामोर्तबाने दृढ झाली होती, हा वुडवर्डचा गाभ्याचा मुद्दा मला अद्याप अबाधित वाटतो.

या सर्व इतिहासातून माझे जे मत बनले आहे ते प्रारंभीच सांगतो. राज्यकर्ता द्वेष उत्पन्न करीत नाही आणि तो नाहीसाही करू शकत नाही. द्वेषाला काय काय करण्याची मुभा आहे, हे मात्र तो ठरवतो, आणि माणसांचे जगणेमरणे या मुभेवर अवलंबून असते.

याचा पहिला आणि अत्यंत दारुण पुरावा १८६५ च्या एप्रिल महिन्यात मिळतो. लिंकन हा आरंभापासून काळ्यांच्या समान हक्कांचा पुरस्कर्ता नव्हता. १८६२ च्या ऑगस्टमध्ये त्याने कृष्णवर्णीय पुढाऱ्यांच्या शिष्टमंडळाला बोलावून, तुम्ही हा देश सोडून अन्यत्र वसाहत करावी, अशी मसलत दिली होती. परंतु १ जानेवारी १८६३ चा मुक्तीचा जाहीरनामा, त्यानंतर सैन्यात दाखल झालेले सुमारे १,८०,००० कृष्णवर्णीय शिपाई आणि फ्रेडरिक डग्लससारख्या स्पष्टवक्त्या माणसांशी झालेले संभाषण यांनी तो पुढे सरकत गेला, आणि ११ एप्रिल १८६५ च्या भाषणात, निदान सुशिक्षित काळ्यांना व लढलेल्या सैनिकांना मताधिकार मिळावा, असे तो उघडपणे बोलला. ते भाषण ऐकणाऱ्यांत जॉन विल्क्स बूथ हजर होता. चौथ्या दिवसाच्या सकाळी लिंकन मरण पावला आणि टेनेसीचा अँड्र्यू जॉन्सन अधिकारारूढ झाला.

देश तोच, पराभूत दक्षिण तीच, लोकांच्या मनांतील भावनाही त्याच. पालटला होता तो केवळ एक माणूस. त्या वसंतात दक्षिणेचा प्रवास करणाऱ्या व्हाइटलॉ रीड या पत्रकाराला असे दिसून आले की, शरणागतीनंतरच्या पहिल्या आठवड्यांत तेथील गोरे लोक विजेत्यांच्या जवळजवळ कोणत्याही अटी निमूटपणे पत्करावयास तयार होते. पण नव्या राष्ट्राध्यक्षाचा कल ध्यानी येताच त्यांची भाषा बदलली. मे महिन्याच्या अखेरीस जॉन्सनने व्यापक माफीचा जाहीरनामा काढला. जनरल शर्मनच्या जानेवारीतील हुकमान्वये किनारपट्टीवरील ज्या जमिनींवर सुमारे ४०,००० मुक्त गुलाम स्थायिक झाले होते, त्या जुन्या मळेवाल्यांना परत देवविल्या. आणि वर्ष संपण्यापूर्वी मिसिसिपी व साउथ कॅरोलायना या राज्यांनी काळ्यांना भटकेपणाच्या आरोपाखाली पकडून वेठीस लावण्याचे कायदे संमत केले. मुक्त गुलामांच्या साहाय्यासाठी काढलेल्या खात्याचे विधेयक आणि १८६६ चा नागरी हक्कांचा कायदा, दोहोंवर त्याने नकाराधिकार वापरला. त्याच वर्षी मेम्फिस आणि न्यू ऑर्लिन्स येथे काळ्यांच्या कत्तली झाल्या. जॉन्सनने कोणाला मारा असे सांगितले नव्हते, परंतु मारणाऱ्यांना आपल्यामागे कोण उभे आहे हे समजले होते.

याच्या उलट ग्रँट. सेनापती म्हणून कीर्तिमान आणि राष्ट्राध्यक्ष म्हणून पुष्कळ काळ बदनाम राहिलेल्या या माणसाने १८७० ते १८७२ या काळात जे केले, त्याचे मोल इतिहासकारांना उशिरा उमगले. न्याय खाते १८७० साली स्थापन झाले. त्याचा प्रमुख अॅमॉस अॅकरमन हा जॉर्जियातून आलेला आणि यादवी युद्धात दक्षिणेच्या बाजूने लढलेला गृहस्थ होता, पण कू क्लक्स क्लॅन या गुप्त टोळीविरुद्ध त्याने चालविलेली फौजदारी मोहीम बिनतोड होती. १८७१ च्या ऑक्टोबरात साउथ कॅरोलायनातील नऊ परगण्यांत बंदीप्रत्यक्षीकरणाचा हक्क तहकूब करून लष्कराने शेकडो लोकांना अटक केली आणि वर्षभरात ती टोळी मोडून पडली. रूढी अजिंक्य असते म्हणणाऱ्यांनी हे एक वर्ष अवश्य अभ्यासावे.

हीच ती वर्षे, की ज्यांचा प्रकाश पुण्यापर्यंत पोहोचला होता. १८७३ साली महात्मा जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांच्या मुक्ततेसाठी झटलेल्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला आणि आपल्या देशबांधवांनी तो कित्ता गिरवावा अशी आशा व्यक्त केली. त्या कृतज्ञतेत किंचितही अतिशयोक्ती नव्हती. मिसिसिपीतून हायरम रेव्हल्ससारखा कृष्णवर्णीय सिनेटर १८७० सालीच राजधानीत जाऊन बसला होता. परंतु ज्या वर्षी तो ग्रंथ निघाला, त्याच वर्षी ईस्टरच्या दिवशी लुइझियानातील कोलफॅक्स गावी काळ्यांचे भीषण हत्याकांड घडले, आणि त्यातील आरोपींवरील खटला १८७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकालात काढला तो आरोपींच्या बाजूने. १८७५ साली मिसिसिपीच्या गव्हर्नराने मतदारांच्या संरक्षणासाठी फौज मागितली असता ग्रँटच्या सरकारने ती दिली नाही. ओहायोतील निवडणूक हातची जाईल ही भीती त्यामागे होती, असे ग्रँटने आपणापाशी कबूल केल्याचे मिसिसिपीचे कृष्णवर्णीय लोकप्रतिनिधी जॉन लिंच यांनी नमूद करून ठेवले आहे. चार वर्षांपूर्वी क्लॅनचा पाडाव करणारा तोच पुरुष, तेच खाते आणि तोच कायदा. उत्तरेच्या मतदारांचा कंटाळा तेवढा नवा होता. राज्यकर्त्याचे धैर्य त्याच्या मतदारांच्या धीराहून फार काळ टिकत नाही, हे या कथेचे दुःखद उत्तरांग होय.

१८७७ साली राष्ट्राध्यक्ष हेसने उरलीसुरली फौज दक्षिणेतील राज्यसभागृहांच्या दारांवरून उठविली. त्यानंतरच्या तीस वर्षांत काय झाले ते एका आकड्यावरून कळेल: लुइझियानात १८९६ साली १,३०,३३४ कृष्णवर्णीयांची मतदार म्हणून नोंद होती, नव्या राज्यघटनेने साक्षरतेची व मिळकतीची अट घातल्यानंतर, १९०४ साली १,३४२ उरली. या काळातील राष्ट्राध्यक्षांविषयी लिहिण्यासारखे थोडेच आहे, आणि ते थोडेपण हीच त्यांच्यावरील खरी फिर्याद आहे.

तथापि वुड्रो विल्सनपाशी थांबले पाहिजे, कारण त्याने नुसती उपेक्षा केली नाही. प्रिन्स्टनचा विद्वान कुलगुरू, प्रौढ वक्ता, सुधारणावादी म्हणून गाजलेला हा राष्ट्राध्यक्ष १९१२ साली निवडून आला तेव्हा डू बॉइससारख्या काही कृष्णवर्णीय पुढाऱ्यांनीही त्याला पाठिंबा दिला होता. परंतु काही महिन्यांतच त्याच्या मंत्र्यांनी टपाल खाते आणि खजिना यांमधील कचेऱ्यांत काळ्या कारकुनांना आडोशामागे बसविण्यास, त्यांची भोजनगृहे व शौचगृहे वेगळी करण्यास प्रारंभ केला, आणि १९१४ पासून मुलकी नोकरीच्या अर्जासोबत छायाचित्र जोडणे सक्तीचे झाले. कृष्णवर्णीयांचे शिष्टमंडळ घेऊन आलेल्या विल्यम मनरो ट्रॉटर या संपादकाने १९१४ च्या नोव्हेंबरात याचा जाब विचारला तेव्हा विल्सन क्रुद्ध झाला आणि मुलाखत तेथेच संपली. अलीकडे अर्थशास्त्रज्ञांनी त्या काळातील सरकारी नोकरांचे दफ्तर तपासले असता, गोऱ्या व काळ्या नोकरांच्या वेतनातील अंतर या धोरणामुळे वाढले आणि त्याची झळ पुढच्या पिढीलाही पोहोचली, असे आढळून आले आहे. लोकमताने यांपैकी कशाचीही मागणी केलेली नव्हती. वॉशिंग्टनच्या कचेऱ्यांत गोरे व काळे कारकून पूर्वीपासून शेजारी बसून काम करीत आले होते. येथे रूढी सुधारलेली होती आणि राज्यकर्त्याने ती बिघडविली.

१९१३ च्या उन्हाळ्यात भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले आणि १९१६ पर्यंत तेथे राहिले. म्हणजे विल्सनची पहिली कारकीर्द त्यांनी प्रत्यक्ष त्या देशात राहून पाहिली. पुढे १९४६ साली त्यांनी डू बॉइस यांना पत्र लिहून, संयुक्त राष्ट्रसंघाकडे कृष्णवर्णीयांच्या वतीने करावयाच्या अर्जाची प्रत मागविली, कारण अस्पृश्यांच्या बाबतीतही तसाच विचार चालला होता. सत्ताधाऱ्याच्या सदिच्छेवर विसंबून न राहता हक्क लेखी, घटनेत आणि दाद मागता येईल अशा स्वरूपात नोंदवून घ्यावेत, या त्यांच्या आयुष्यभराच्या आग्रहामागे त्यांचे स्वतःचे अनुभव होते हे उघडच आहे. अमेरिकेचा इतिहासही त्याला पुष्टी देणारा होता.

फ्रँकलिन रूझवेल्टच्या काळाविषयी एकच गोष्ट सांगतो. जमावाने केलेल्या हत्यांविरुद्धच्या विधेयकाला त्याने जोर लावला नाही, कारण दक्षिणेतील सिनेटर समित्यांचे प्रमुख होते आणि ते आपली अन्य सर्व विधेयके अडवतील, अशी त्याला भीती होती. परंतु १९४१ साली, ए. फिलिप रँडॉल्फ या कामगार पुढाऱ्याने राजधानीवर हजारो कृष्णवर्णीयांचा मोर्चा आणण्याचा इशारा दिल्यावर, युद्धसाहित्याच्या कारखान्यांत वर्णभेदाला मनाई करणारा हुकूम जूनमध्ये निघाला. जे करता येणे अशक्य म्हणून सांगितले जाते ते मोर्चाच्या भीतीने किती शीघ्र शक्य होते, हे येथे दिसते.

ट्रूमनचा दाखला मला सर्वांहून विचारप्रवर्तक वाटतो. मिसुरीतील ज्या घराण्यात तो जन्मला त्याच्या आजोळी व वडिलांच्या घरी गुलाम होते. खाजगी बोलण्यात काळ्यांविषयी तो हलके शब्द वापरीत असे. १९४६ च्या फेब्रुवारीत सैन्यातून नुकताच मुक्त झालेला, अंगावर गणवेश असलेला एक कृष्णवर्णीय सार्जंट साउथ कॅरोलायनात बसने घरी चालला असता एका पोलीस अधिकाऱ्याने त्याला इतके मारले की त्याचे दोन्ही डोळे गेले. सप्टेंबरात हा वृत्तान्त ट्रूमनच्या कानी घातला गेला. आपल्या फौजेच्या गणवेशाची ही विटंबना त्या जुन्या तोफखाना अधिकाऱ्याला असह्य झाली. त्याने नागरी हक्कांसाठी समिती नेमली, तिचा अहवाल स्वीकारला आणि २६ जुलै १९४८ रोजी, निवडणूक तीन महिन्यांवर आली असताना, सैन्यातील समान वागणुकीचा हुकूम काढला. दक्षिणेतील त्याचा पक्ष फुटला, फुटीरांचा उमेदवार स्ट्रॉम थर्मंड याने चार राज्ये जिंकली, तरीही ट्रूमन निवडून आला. त्याच्या मनातील पूर्वग्रह पुरते गेले होते काय? बहुधा नाही. पण ते जाण्याची वाट पाहत कोणाला बसावे लागले नाही.

या हुकमाचे परिणाम काय होतील याची चाचणी युद्धातच झाली होती. १९४५ साली युरोपातील काही गोऱ्या कंपन्यांत काळ्यांच्या तुकड्या जोडण्यात आल्या, तेव्हा लष्कराच्या समाजशास्त्रज्ञांनी गोऱ्या सैनिकांना विचारले की, अशी मिश्र रचना तुम्हांला कितपत रुचेल. ज्या विभागांत असे काही घडलेच नव्हते तेथील ६२ टक्के सैनिकांनी ते आपणास अत्यंत नापसंत असल्याचे सांगितले. जे प्रत्यक्ष एकाच कंपनीत खांद्याला खांदा लावून लढले होते, त्यांच्यात हे प्रमाण ७ टक्के होते. गॉर्डन ऑलपोर्टने १९५४ च्या आपल्या पूर्वग्रहविषयक ग्रंथात जो सिद्धान्त मांडला त्याला अशाच पुराव्याचा आधार होता: समान दर्जा, समान ध्येय आणि वरिष्ठांचा निःसंदिग्ध पाठिंबा असेल तर सहवासाने द्वेष ओसरतो. यांतील वरिष्ठांच्या पाठिंब्याची अट राज्यकर्ते नेमकी विसरतात.

आयझेनहॉवर ती विसरला. १७ मे १९५४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळांतील विभक्तता घटनाबाह्य ठरविली. सरन्यायाधीश अर्ल वॉरन याची नेमणूक आयझेनहॉवरनेच केलेली होती. युरोप जिंकून आलेल्या या सेनानीचा शब्द दक्षिणेतही वजनदार होता. पण निकाल योग्य आहे असे एक वाक्य त्याने जाहीरपणे उच्चारले नाही, उलट कायद्याने माणसांची अंतःकरणे बदलत नाहीत असेच तो सांगत राहिला. त्या मौनात १९५६ च्या मार्चमध्ये दक्षिणेतील १०१ खासदारांनी निकालाविरुद्ध जाहीरनाम्यावर सह्या केल्या. आर्कान्सॉचा गव्हर्नर ऑर्व्हल फॉबस हा तोवर नेमस्त समजला जात असे आणि त्याच्या राज्यातील काही शाळा गाजावाजा न होता खुल्याही झाल्या होत्या. परंतु तिसऱ्यांदा निवडून येण्याची विवंचना लागताच, १९५७ च्या सप्टेंबरात लिटल रॉकच्या शाळेत नऊ मुलांचा प्रवेश रोखण्यासाठी त्याने राज्याचे रक्षकदल उभे केले. अखेर आयझेनहॉवरला पलटण पाठवावी लागली, आणि ती त्याने कर्तव्य म्हणून पाठविली याचे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. परंतु तीन वर्षांपूर्वी एका वाक्याने जे साधले असते, ते आता संगिनींनी करावे लागले. फॉबस त्यानंतरही पुनःपुन्हा निवडून आला.

राष्ट्राध्यक्षांकडेच पाहत राहिल्याने एक महत्त्वाची गोष्ट निसटते, ती म्हणजे गावचा कारभार. १९५० साली अॅटलांटा आणि बर्मिंगहॅम या दोन शहरांची लोकसंख्या जवळजवळ सारखी, प्रत्येकी सव्वातीन लाखांच्या आसपास होती. दोन्ही दक्षिणेच्या मध्यावर, दोन्हींत विभक्ततेचे कायदे सारखेच कडक. बर्मिंगहॅमच्या पोलीस खात्याचा मुखत्यार यूजीन कॉनर याच्या कारकिर्दीत, १४ मे १९६१ रोजी, बसमधून आलेल्या सत्याग्रहींना बसस्थानकावर जमाव झोडपीत होता आणि तेवढा वेळ पोलीस तेथे फिरकले नाहीत. १९६३ च्या मे महिन्यात शाळकरी मुलांवर कुत्री आणि अग्निशामक बंबांचे फवारे सोडण्यात आले. सप्टेंबरात चर्चमधील बाँबस्फोटाने चार मुली मृत्यू पावल्या. अॅटलांटात १९६१ च्या ऑगस्ट महिन्यात नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थी गोऱ्यांच्या शाळांत गेले, आणि त्या दिवशी पोलिसांचा बंदोबस्त असा चोख होता की राष्ट्राध्यक्ष केनेडीने त्या शहराचे जाहीर अभिनंदन केले.

या अंतराचे कारण गोऱ्या नागरिकांची अंतःकरणे भिन्न होती हे नव्हे. अॅटलांटाचा नगराध्यक्ष विल्यम हार्ट्‌सफील्ड हा प्रारंभी इतरांसारखाच विभक्ततावादी होता. परंतु १९४६ च्या सुमारास न्यायालयाच्या निकालांनी केवळ गोऱ्यांसाठी राखलेली प्राथमिक निवडणूक रद्दबातल झाली, शहरात हजारो काळ्यांनी मतदार म्हणून नावे नोंदविली, आणि हार्ट्‌सफील्ड कृष्णवर्णीय धर्मगुरू व व्यापारी यांच्या मसलती घेऊ लागला. १९४८ साली पोलिसांत आठ कृष्णवर्णीय शिपाई भरती झाले. शिवाय त्या शहराचे धनिक, कोका-कोलाचे मालक धरून, तेथेच राहत असत आणि शहराच्या नावाला लागणारा बट्टा आपल्या वहीखात्यात उमटेल हे ते ओळखून होते. बर्मिंगहॅमचे पोलाद ज्या कंपनीच्या हाती होते तिची गादी पिट्सबर्गला होती. हार्ट्‌सफील्डनंतर आलेल्या आयव्हन अॅलनने नगरभवनातील गोऱ्या-काळ्यांच्या पाट्या काढविल्या; त्यानेच १९६२ च्या अखेरीस एका वस्तीत काळ्यांनी घरे घेऊ नयेत म्हणून रस्त्यावर अडथळा उभारण्याची घोर चूक केली, जी न्यायालयाला दूर करावी लागली; आणि तोच १९६३ च्या जुलैमध्ये, स्वतःच्या मतदारांचा रोष पत्करून, नागरी हक्कांच्या विधेयकाच्या बाजूने सिनेटच्या समितीपुढे साक्ष देण्यास गेला. नेतृत्व शिकते ते असे, अडखळत. आणि ते शिकते, कारण त्याला मते देणारे वा न देणारे काळे नागरिक समोर उभे असतात.

राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सनने हेच तत्त्व राष्ट्राच्या पातळीवर नेले. टेक्ससचा हा प्रतिनिधी काँग्रेसमधील पहिली वीस वर्षे नागरी हक्कांच्या प्रत्येक विधेयकाविरुद्ध मत देत आला होता. १९६४ च्या कायद्यासाठी सिनेटची कोंडी फोडताना त्याने जुन्या मित्रांशी वैर पत्करले, आणि अलाबामातील सेल्माच्या पुलावर ७ मार्च १९६५ रोजी पोलिसांनी मोर्चेकऱ्यांना झोडपल्यानंतर आठ दिवसांनी, काँग्रेसपुढे उभे राहून, चळवळीच्या गीताचे शब्द स्वतःच्या तोंडी घेतले. पण भाषणाहून मोठी गोष्ट पुढे घडली. १९५७ आणि १९६० च्या कायद्यांनी मताधिकार कागदावर दिलेलाच होता. १९६५ च्या कायद्याने परगण्या-परगण्यांत केंद्राचे नोंदणी अधिकारी पाठविले. मिसिसिपीतील कृष्णवर्णीयांची मतदार नोंद १९६५ साली ६.७ टक्के होती, ती दोन वर्षांत ५९.८ टक्क्यांवर गेली. सेल्माचा शेरीफ जिम क्लार्क १९६६ च्या निवडणुकीत पडला. अलाबामाचा जॉर्ज वॉलेस याने १९५८ साली नेमस्त म्हणून गव्हर्नरपदाची निवडणूक हरल्यावर कडवा विभक्ततावाद अंगीकारला होता. १९६३ साली विद्यापीठाचे दार अडवून तो उभा राहिला. आणि १९८२ साली, चुकीची जाहीर कबुली देऊन, काळ्यांची पुष्कळ मते मिळवून तो पुन्हा गव्हर्नर झाला. वॉलेसच्या अंतःकरणात काय पालट झाला हे परमेश्वर जाणे. त्याच्या मतदारयादीत काय पालट झाला हे आपण जाणतो.

यानंतरच्या काळात उघड द्वेषाची भाषा मागे पडली आणि सूचक भाषा पुढे आली. निक्सनने दक्षिणेची नाराजी आपल्या पक्षाकडे वळविली, तरी त्याच्याच कारकिर्दीत दक्षिणेतील शाळांचे एकत्रीकरण खऱ्या अर्थाने घडले. ही विसंगती समजून घेण्यासारखी आहे, कारण जाहीर सूर एक आणि खात्याचे काम दुसरे असू शकते. व्हर्जिनियाचा गव्हर्नर लिनवूड होल्टन १९७० साली आपल्या मुलीचा हात धरून रिचमंडमधील बहुसंख्य कृष्णवर्णीय शाळेत तिला पोहोचवावयास गेला. ते छायाचित्र देशभर छापले गेले. एवढे साधे कृत्य करण्यास किती थोडे पुढारी पुढे आले, हे पाहिले म्हणजे खेद होतो.

शब्दाने किती साधते याची परीक्षा २००१ साली झाली. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर सहाव्या दिवशी धाकटा बुश वॉशिंग्टनच्या मशिदीत गेला आणि मुसलमान नागरिक आपलेच आहेत असे त्याने सांगितले. केंद्रीय पोलिसांच्या नोंदीत मुसलमानांविरुद्धचे द्वेषमूलक गुन्हे २००० साली २८ होते, २००१ साली ४८१ झाले आणि २००२ साली १५५ वर आले. ही घट त्या भेटीचीच, असे सिद्ध करता येत नाही. आणि त्याच सरकारने पुढील वर्षी बव्हंशी मुस्लिम देशांतून आलेल्या पुरुषांवर सक्तीची नोंदणी लादली हेही विसरता कामा नये. तरी पण राष्ट्रप्रमुखाने मुभा नाकारली, हे त्या आठवड्यात सर्वांनी पाहिले.

ओबामाच्या निवडीने हा प्रश्न सुटला असे ज्यांना वाटले त्यांची निराशा झाली. गॅलपच्या पाहणीत वर्णसंबंध चांगले आहेत असे म्हणणारे २०१३ साली सुमारे ७० टक्के होते. फर्ग्युसन गावी पोलिसाच्या गोळीने एक कृष्णवर्णीय तरुण मारला गेल्यानंतर, २०१५ साली, ते निम्म्याहून खाली आले. मायकेल टेस्लर याच्या संशोधनानुसार आरोग्यविम्यासारख्या वर्णाशी संबंध नसलेल्या प्रश्नांवरही लोकांची मते वर्णभावनेनुसार विभागली गेली, कारण ती योजना मांडणारा कोण आहे हे ते पाहत होते. म्हणजे नेत्याचे केवळ असणेही परिणाम करते, आणि तो परिणाम त्याच्या इच्छेप्रमाणेच होईल असे नाही.

२०१६ च्या निवडणुकीच्या सुमारास लिओनार्डो बर्स्टिन आणि त्याचे सहकारी यांनी केलेला प्रयोग माझ्या मूळ प्रतिपादनाला फार जवळचा आहे. स्थलांतरितांविरोधी संस्थेला देणगी देण्याची संधी काही लोकांना खाजगीत आणि काहींना इतरांना कळेल अशा रीतीने देण्यात आली. एरवी उघडपणे देणारे कमी असत. ट्रम्पचा विजय आपल्या राज्यात निश्चित आहे असे कळल्यावर मात्र हा संकोच मावळला. खाजगी मते जागच्या जागी होती. पुढे १२ ऑगस्ट २०१७ रोजी शार्लट्सव्हिलमध्ये गौरवर्णवाद्यांच्या मेळाव्यानंतर रक्तपात झाला तेव्हा ट्रम्पने नवनाझींचा धिक्कार केला खरा, पण त्याच मुलाखतीत दोन्ही बाजूंना चांगली माणसे असल्याचेही सांगितले. आणि अशा प्रसंगी ज्याला जे ऐकावयाचे असते ते तो उचलतो. बोलणाऱ्याची जबाबदेही येथे ऐकणाऱ्याच्या समजुतीपर्यंत पोहोचते, असे माझे स्पष्ट मत आहे.

म्हणून कोणत्याही देशातील पुढाऱ्याचे या बाबतीतले मूल्यमापन करताना वाचकांनी त्याच्या भाषणांबरोबर तीन दप्तरे मागवावीत अशी माझी विनंती आहे: फौजदारी खटले कोणावर भरले गेले, नोकऱ्या कोणाला मिळाल्या, आणि मतदारयादीत कोणाची नावे आली वा गेली. आणि चौथी चौकशी अशी, की त्याने केलेले काम त्याच्या मागून उरेल अशा स्वरूपात बांधले आहे काय. लिंडन जॉन्सनने सरकारी कंत्राटदारांवर समान संधीचे बंधन घालणारा हुकूम २४ सप्टेंबर १९६५ रोजी काढला. तो जवळजवळ साठ वर्षे चालला आणि २१ जानेवारी २०२५ रोजी ट्रम्पच्या एका सहीने रद्द झाला. त्याच जॉन्सनने काँग्रेसकडून संमत करून घेतलेला १९६४ चा नागरी हक्कांचा कायदा मात्र एका सहीने रद्द होऊ शकत नाही. तो आजही अमलात आहे, आणि त्याची अंमलबजावणी करणाऱ्या खात्यांवर कोणाची नेमणूक होते, हाच आता तेथील खरा प्रश्न आहे.